सहा आकार, एकच बाजू : रंगीत तुकड्यांचा खेळ घरी करायचा कसा आणि खेळवायचा कसा

तीन-चार वर्षांच्या मुलासमोर रंगीत आकारांचा डबा उघडला की घरातली मोठी माणसं लगेच परीक्षक होतात. "हा कोणता? आणि हा? शाब्बास, त्रिकोण!" आठवड्याभरात नावं पाठ होतात, पाहुण्यांसमोर एकदा म्हणून दाखवली जातात आणि डबा माळ्यावर जातो. खरं तर नावं हा या खेळातला सगळ्यात किरकोळ भाग. दोन त्रिकोण जोडले की शंकरपाळी होते, तीन जोडले की होडी होते, सहा जोडले की षटकोन होतो, हे हातांना कळायला मात्र दोन-तीन वर्षं लागतात आणि तेवढा काळ मूल त्यात रमतंही. तेव्हा नावांची घाई सोडून द्या. मुलाच्या कानावर ती आपोआप पडत राहतात.

लहान मुलांच्या हाती भौमितिक आकार देण्याची पद्धत रुळवली जर्मनीतल्या फ्रेडरिक फ्रोबेल यांनी. १८३७ साली त्यांनी ब्लांकेनबुर्ग गावात काम सुरू केलं आणि १८४० मध्ये त्या शाळेला किंडरगार्टन हे नाव दिलं. त्यांच्या खेळण्यांमध्ये चौरस आणि त्रिकोणी चपट्या लाकडी चकत्यांची एक पेटी होती. पुढे माँटेसरीबाईंनी कडेवरून बोट फिरवता येईल अशा साच्यांची भर घातली. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला, अनुताई वाघांच्या साथीनं, महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पानं अशा गावात मिळणाऱ्या वस्तूंवर बालवाडी चालवून दाखवली. त्यामुळे पुठ्ठ्याचे तुकडे देताना आपण मुलाला काही कमी देतोय असं मनात आणायचं कारण नाही.

संच कोणता?

बाजारात आकारांचे डबे पुष्कळ. त्यातला सहा आकारांचा एक संच बाकीच्यांपेक्षा मला फार सरस वाटतो. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या एका विज्ञान-शिक्षण प्रकल्पात तो तयार झाला. दुकानात 'पॅटर्न ब्लॉक्स' या नावानं मागा. त्यात पिवळा षटकोन, लाल समलंब चौकोन, निळी शंकरपाळी (पुस्तकातला समभुज चौकोन), हिरवा त्रिकोण, नारिंगी चौरस आणि फिकट बदामी रंगाची बारीक शंकरपाळी असते. सगळी गंमत मापात आहे. सहाही आकारांची बाजू एकाच लांबीची. फक्त लाल तुकड्याची लांब बाजू बरोबर दुप्पट. म्हणून कोणताही तुकडा कोणत्याही तुकड्याला चिकटून बसतो.

पुष्कळ स्वस्त डब्यांत नेमकं हेच सांभाळलेलं नसतं. आकार सुबक, रंग चकचकीत, पण त्रिकोणाची बाजू चौरसाच्या बाजूपेक्षा जराशी आखूड. अशा संचात चित्र पूर्ण होत आलं की फट राहते, आणि आपलंच चुकलं असं मुलाला वाटतं. दुकानात डबा उघडून पाहता आला तर त्रिकोण आणि चौरस बाजूला बाजू लावून बघा. जुळत नसेल तर ठेवून द्या. विकतच्या खेळण्यावर आयएसआय चिन्हही पाहा. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे.

घरी बनवायचा तर

एका संध्याकाळचं काम आहे. किराण्याच्या खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा घेऊ नका, त्याच्या कडा चार दिवसांत चेपतात. स्टेशनरीच्या दुकानात दोन मिलिमीटर जाडीचा करडा पुठ्ठा मिळतो, तो उत्तम. कटर चालवायचा नसेल तर जाड फोम शीट घ्या. ती रंगीतच येते आणि कात्रीनं कापता येते, पण हलकी असते. पंखा लावला की मांडलेलं चित्र सरकतं.

पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना घोटीव कागद चिकटवायचा. फेविकॉलचा अगदी पातळ हात फिरवा आणि रात्रभर जाडजूड पुस्तकांखाली दाबून ठेवा. एकाच बाजूला कागद लावला तर पुठ्ठा वाळताना वाकतो. आखणी आणि कापणी कागद वाळल्यावरच.

आता आखणी. बहुतेक लोक एक साचा कापून त्याभोवती पेन्सिल फिरवत सुटतात. तसं केलं की प्रत्येक तुकडा पेन्सिलीच्या रेघेइतका मोठा होत जातो. त्यापेक्षा पट्ट्या आखा. बाजू ४ सेंटिमीटर धरू.

पहिली पट्टी ३.४६ सेंमी रुंदीची, म्हणजे साडेतीनला अगदी किंचित कमी. तिच्या खालच्या रेघेवर दर ४ सेंमीला खुणा करा. कंपासपेटीतला ३०-६० अंशांचा गुण्या घ्या आणि प्रत्येक खुणेतून ६० अंशांत तिरकी रेघ वरपर्यंत ओढा. झाल्या निळ्या शंकरपाळ्या. त्याच खुणांतून उलट्या बाजूलाही तशाच रेघा ओढल्या की प्रत्येक शंकरपाळीचे दोन हिरवे त्रिकोण होतात. लाल पट्टीवर दोन्हीकडच्या रेघा ओढून लागोपाठचे तीन-तीन त्रिकोण न तोडता ठेवले की तो लाल समलंब. एकाच रुंदीच्या तीन रंगांच्या पट्ट्यांतून तीन आकार मिळतात, आणि एकमेकांत बसणारच असे मिळतात.

चौरसाला ४ सेंमी रुंदीची पट्टी, दर ४ सेंमीवर सरळ काप. बारीक शंकरपाळीला बरोबर २ सेंमी रुंदीची पट्टी, दर ४ सेंमीवर खूण आणि गुण्याच्या ३० अंशांच्या टोकानं तिरकी रेघ. षटकोनासाठी ४ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा, कंपासचं अंतर न बदलता परिघावर सहा खुणा करा आणि त्या जोडा.

कापताना स्टीलची पट्टी दाबून धरून कटर तीन-चार वेळा हलक्या हातानं फिरवा. एका दमात जोर लावला की कड तिरकी जाते. शेवटी काचपेपरनं कोपऱ्यांची टोकं जराशी मारा. एका मुलाला षटकोन ६, लाल १२, निळे १८, हिरवे २४, चौरस १२ आणि बारीक शंकरपाळ्या १२ पुरतात. हिरवे पाच-सहा जास्तच करा, सोफ्याखाली आधी तेच जातात.

तीन वर्षांच्या आतलं मूल घरात असेल तर त्याच्यासाठी दुप्पट मापाचे वेगळे तुकडे करा, आणि हा संच त्याच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. बारीक शंकरपाळीची टोकं तोंडात घालायला फार सोयीची असतात.

दोन ते तीन वर्षं : हाताळणं

मोठ्या मापाचे फक्त तीन आकार द्या. गोल, चौरस आणि त्रिकोण. तीन वाट्या ठेवून वेगळे करणं, डब्याच्या झाकणाला खाच पाडून त्यातून टाकणं, पुठ्ठ्यात कापलेल्या भोकात बसवणं. तुकडा बसवण्याआधी त्याच्या कडेवरून मुलाचं बोट फिरवा. कोपरा आला की बोट वळतं, गोलाला कोपराच लागत नाही. या वयात एवढी भूमिती भरपूर झाली.

तीन ते चार : मोकळं सोडणं

सहा आकारांचा संच पहिल्यांदा दिला की निदान आठवडाभर काहीही शिकवू नका. मुलं तुकड्यांची रांग लावतात, चळत रचतात, एका रंगाचे सगळे गोळा करून बसतात. त्यांना तुकड्यांची ओळख अशीच होते. तुम्हाला राहवत नसेल तर शेजारी बसून स्वतःचं काहीतरी मांडा.

हळूहळू चित्रं सुरू होतात. अमेरिकेतल्या डग्लस क्लेमेंट्स आणि ज्युली सरामा या अभ्यासकांनी या प्रवासाचे टप्पे तपशिलानं नोंदवले आहेत, आणि ते घरीही स्पष्ट दिसतात. आधी तुकडे सुटे-सुटे पडलेले असतात, एकमेकांना टेकतही नाहीत. मग माणूस होतो, पण एका अवयवाला एकच तुकडा: डोकं पिवळं, हात हिरवा, पाय बदामी. पुढे एक दिवस पाय लांब हवा म्हणून मूल दोन तुकडे जोडतं. लहानशी गोष्ट वाटते, पण दोन आकारांचा मिळून एक आकार होतो हे त्याला उमगल्याची ती खूण. तिथून पुढच्या खेळाला सुरुवात करावी.

चार ते पाच : आराखडे भरणं

आराखडे विकत घ्यायची गरज नाही. कागदावर तुम्हीच तुकड्यांचा पतंग, मासा किंवा आकाशकंदील मांडा आणि पेन्सिल फिरवा. प्रत्येक चित्राचे तीन कागद करा. पहिल्यावर आतल्या सगळ्या रेघा, दुसऱ्यावर थोड्याच, तिसऱ्यावर फक्त बाहेरची कड. मूल पहिला कागद सहज भरतं. तिसऱ्यावर अडतं, आणि तिथेच आपला हात शिवशिवतो.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. आकाशकंदिलाच्या मधोमध षटकोनी जागा रिकामी आहे आणि पिवळा तुकडा मुद्दाम डब्यात ठेवलेला नाही. मुलगी नारिंगी चौरस दाबून बसवू पाहते. बसत नाही. तोच तुकडा पुन्हा दाबते, या खेपेला जास्त जोरात.

"आजी, हे बसतच नाहीये."

"कुठं अडतंय बघू?"

"हे टोक बाहेर येतंय."

"मग टोक दुसरीकडं वळवून बघ की गं."

वळवलं तर दुसरं टोक बाहेर येतं. मग चौरस बाजूला पडतो, लाल होडी येते आणि बरोबर अर्ध्या जागेत बसते. उरलेली जागा मुलगी आता वेगळ्या नजरेनं बघते. ती जागाही होडीचीच आहे, उलटी. आजीनं "तिथं लाल ठेव" म्हटलं असतं तर चित्र अर्ध्या मिनिटात पुरं झालं असतं आणि हाती काहीच लागलं नसतं. "कुठं अडतंय?" हा एक प्रश्न लक्षात ठेवा. तो विचारला की मूल तुकड्याकडे न बघता कोपऱ्याकडे बघायला लागतं.

बोलताना शब्द साधे पण नेमके ठेवा. बाजू, कोपरा, टोक, वळव, पालथा घाल, निम्मा, जोडून, मधे. 'असं कर', 'इकडे घे' यानं काम भागतं, पण मुलाच्या पदरी शब्द पडत नाहीत.

पाच ते सहा : एकाच जागेच्या अनेक वाटा

पिवळ्या षटकोनावर दुसरे तुकडे रचून तो पूर्ण झाकायचा. प्रत्येक वेळी तुकड्यांचा संच वेगळा हवा. जमलेली प्रत्येक तऱ्हा शेजारी तशीच मांडून ठेवा. अशा एकूण सात तऱ्हा होतात: दोन लाल, तीन निळे, सहा हिरवे, लाल-निळा-हिरवा एकेक, एक लाल आणि तीन हिरवे, दोन निळे आणि दोन हिरवे, एक निळा आणि चार हिरवे. हा आकडा मुलाला सांगायचा नाही. "अजून एखादी असेल का?" एवढंच विचारायचं. कुठल्या दिवशी पाच सापडतात, मग दोन आठवड्यांनी सहावी. तेच तुकडे नुसते फिरवून "ही वेगळी" असा दावाही येतो. त्यावर वाद घाला, मजा येते.

चौरस आणि बारीक शंकरपाळी यांचं मात्र पिवळ्याशी कधीच जमत नाही, कितीही फिरवा. ते शोधणंही मुलावर सोडा. त्यांची जागा फुलात आहे. मधे पिवळा ठेवा, त्याच्या सहा बाजूंना सहा चौरस लावा. चौरसांच्या मधल्या सहा फटींत सहा हिरवे त्रिकोण ठेवले की ते नेमके बसतात आणि बाहेरची कड बारा बाजूंची होते. बारा बारीक शंकरपाळ्यांची टोकं एका ठिकाणी आणली की पूर्ण चांदणी होते. रांगोळी पाहिलेल्या मुलाला इथून पुढे काही सांगावं लागत नाही, ते बाहेर-बाहेर वाढवत जातं आणि मग घरात पाय ठेवायला जागा उरत नाही.

आरशाचा खेळ असाच चांगला. जमिनीवर दोरा सरळ ठेवा. एका बाजूला तुम्ही तुकडा ठेवायचा, दुसऱ्या बाजूला मुलानं आरशात दिसेल तसा. दोरा उभा असताना सोपं जातं, आडवा ठेवला की जरा अवघड, तिरका ठेवला की मोठ्यांचीही भंबेरी उडते. शिवाय आठवणीचा खेळ आहे. चार तुकड्यांचं चित्र दाखवून त्यावर ताट उपडं घालायचं आणि तसंच मांडायला सांगायचं. पाठीला पाठ लावून एकानं आपलं चित्र तोंडानं सांगायचं आणि दुसऱ्यानं ऐकून मांडायचं हा तर भाषेचाच तास होतो. मूल सांगेल ते शब्दशः करा. "लाल बाजूला ठेव" म्हणाला तर खोलीच्या पार दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवा. पुढच्या खेपेला "पिवळ्याच्या उजव्या बाजूला चिकटवून" असं बरोबर येतं.

रंग आणि बैठक यांचे दोन सापळे

या संचात रंग आकाराला जखडलेला आहे, हा त्याचा एक दोष. मूल "पिवळा दे" म्हणतं आणि कोपऱ्यांकडे बघायची गरजच पडत नाही. म्हणून पाचव्या वर्षाच्या सुमारास दुसरा छोटा संच करावा: गोल, त्रिकोण, चौरस, आयत हे चार आकार, प्रत्येक तीन रंगांत आणि लहान-मोठ्या दोन मापांत. एकूण २४ तुकडे. हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ झोल्तान डिनेश यांच्या नावाशी जोडलेला ६० तुकड्यांचा संच याच जातीचा आहे, त्यात जाडीचाही फरक असतो.

याचा खेळ म्हणजे एका फरकाची आगगाडी. मोठा लाल त्रिकोण हे इंजिन. पुढचा डबा त्याच्यापेक्षा एकाच बाबतीत वेगळा हवा. मोठा निळा त्रिकोण चालेल, छोटा लाल त्रिकोण चालेल, छोटा निळा चालणार नाही. नियम मोडला तर ओरडू नका, "किती गोष्टी बदलल्या?" असं विचारा. रंगांवरून वेगळे करताना एखादं मूल लाल-हिरव्यात सतत घोटाळा करत असेल तर त्याला रागावण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. रंगांधळेपणा मुलग्यांत जास्त आढळतो आणि पुष्कळदा अशाच खेळात लक्षात येतो.

दुसरा सापळा बैठकीचा. तक्त्यांवरचा त्रिकोण नेहमी तळावर बसलेला आणि तिन्ही बाजू सारख्या. त्यामुळे तोच त्रिकोण टोकावर उभा केला की मुलं "हा उलटा, हा त्रिकोण नाही" म्हणतात. चौरस कोपऱ्यावर ठेवला की त्याचा पतंग होतो. डच शिक्षक पिएर आणि डिना व्हॅन हिले यांनी १९५७ मध्ये दाखवून दिलं की सुरुवातीला मूल आकार अख्ख्या रूपावरून ओळखतं, बाजू-कोपऱ्यांचा हिशोब मागून येतो. तो यायला मदत करायची तर तऱ्हेतऱ्हेचे नमुने द्या. लांबट, चपटे, तिरपे त्रिकोण कापा. सोबत फसवेही ठेवा, एक बाजू वाकडी असलेला, एक कोपरा उघडा राहिलेला. समोसा त्रिकोण आहे का, यावर पाच वर्षांची मुलं बराच वेळ भांडू शकतात. आणि एक पथ्य पाळा. "चौरस वेगळा, आयत वेगळा" असं ठासून सांगू नका. चौरस हाही आयतच असतो, आणि आज ठासलेलं पुढे शाळेत खोडावं लागतं.

काही अडचणी

मूल तुकडे फेकत असेल तर ते कंटाळलंय किंवा काम फार अवघड झालंय. आराखडा एक पायरी सोपा करा, नाहीतर डबा सरळ बंद करा. रोज बसवायचा आग्रह नको. आठवड्यातून तीनदा, पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली, आणि मधे महिनाभर डबा दिसेनासा केला तर परत आल्यावर तो नवा वाटतो. दोन भावंडं असतील तर संच एकच आणि चित्रही एकच ठेवा. वेगवेगळी चित्रं मांडायला लावली की पिवळ्यांवरून मारामारी ठरलेली.

सहाव्या वर्षानंतर टॅनग्रॅम द्यायला हरकत नाही. एका चौरसाचे सात तुकडे: पाच त्रिकोण, एक चौरस, एक समांतरभुज चौकोन. त्या शेवटच्या तुकड्यापाशी सगळे अडतात, कारण काही चित्रांत तो नुसता फिरवून भागत नाही, पालथा घालावा लागतो. म्हणून टॅनग्रॅमलाही दोन्ही बाजूंना रंगीत कागद हवाच.

सहा आकारांचा डबा मात्र तेव्हाही कोणाला देऊन टाकू नका. तिसरी-चौथीत अपूर्णांक आले की पिवळा म्हणजे एक धरायचा: लाल निम्मा, निळा एक तृतीयांश, हिरवा एक षष्ठांश. एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश का होत नाही, हे वहीत समजावण्यापेक्षा पिवळ्यावर एक लाल आणि एक निळा ठेवून बघायला सांगावं. उघडी उरते ती एका हिरव्याची जागा.